आईने तपासलेली पाच घरं

ब्युमॉन्ट, डब्लिन
रविवार, १७ सप्टेंबर २००६
(दुपारचे दोन, बाहेर चक्क ऊन आहे, म्हणून तेही लिहून ठेवते)

तीर्थस्वरूप आशुतोषदादास,

धाकट्या बहिणीचा साष्टांग नमस्कार. (इथे घरभर कार्पेट असल्यामुळे आठही अंगं टेकवायला काही अडचण येत नाही.) तुझी अ‍ॅसिडिटी कशी आहे? कौमुदीवहिनीचा आखडलेला खांदा सुटला का? आम्ही तिघी, म्हणजे मी, तन्वी आणि आई, उत्तम आहोत. शैलेंद्रही उत्तम असावा. तो सोमवारी पहाटे वॉटरफोर्डच्या औषधांच्या कारखान्यात जातो आणि शुक्रवारी संध्याकाळी पार्सलासारखा परत येतो. शनिवार झोपण्यात आणि रविवार बॅग भरण्यात जातो, त्यामुळे त्याची प्रकृती विचारायला आठवड्यात साधारण चाळीस मिनिटं मिळतात. आत्ता तो शर्ट मोजतो आहे.

फोन सोडून पत्र का, असं तू विचारशील. कारण फोनवर मी बोलायला लागले की दुसऱ्या मिनिटाला तू 'मुद्द्यावर ये' म्हणतोस. पत्रात तुला तसं म्हणता येत नाही. म्हणजे म्हणता येतं, पण मला ऐकू येत नाही. शिवाय आज मला इतका आनंद झालाय की तो फोनच्या कार्डात मावणार नाही. अरे, काल आम्ही नोराच्या आईला तिच्या नव्या जागी पोचवून आलो! तीन आठवडे माझं घर, माझी नोकरी, तन्वीची शाळा आणि माझं ड्रायव्हिंग या सगळ्याची जी काही त्रेधा उडाली होती ती एकदाची संपली. (पितृपंधरवड्यात कसला आनंद, असं मी आईला म्हटलं, तर ती म्हणाली की त्यांच्या देवाकडे हे कॅलेंडर पोचलेलं नाही.)

नोरा कोण ते तुला माहीत आहे, पण हे पत्र वहिनीही वाचणार म्हणून सांगते. नोरा ब्रेनन आमच्या शेजारी राहते, वय अठ्ठावन्न, लग्न केलेलं नाही. माझं ऑफिस सँडीफोर्डला, म्हणजे शहराच्या बरोबर दुसऱ्या टोकाला. मी सकाळी पावणेसातला निघते, बसने शहरात येते, नदी ओलांडून पंधरा मिनिटं चालते, मग लुआस नावाची ट्राम धरते आणि नऊच्या मीटिंगला धापा टाकत उभी राहते. तन्वीला शाळेत सोडायचं, अडीचला आणायचं, खायला घालायचं, तिच्याकडून आयरिश भाषेचा गृहपाठ करून घ्यायचा (जो मला बघूनही कळत नाही), हे सगळं नोरा करते. आई आल्यापासून तन्वीला शाळेतून आणायला दोघी मिळून जातात, पण रस्ता, गेट, बाई आणि वेळ हे खातं नोराचंच. थोडक्यात, आमचं घर शैलेंद्रच्या आणि माझ्या नावावर असलं तरी उभं आहे ते नोराच्या पाठीवर. आणि तीच पाठ गेली!

झालं असं. नोराची आई, मिसेस ब्रेनन, वय शहाऐंशी, तिच्याजवळच राहायची. जुलैच्या शेवटच्या दिवशी ती न्हाणीघरात पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. हॉस्पिटल आमच्यापासून पाच मिनिटांवर. तिथे ऑपरेशन छान झालं, सगळ्यांनी फार आस्थेने केलं. पण डॉक्टरांनी सांगितलं की आता जिना चढणं नाही आणि उठवा-बसवायला दोन माणसं लागतील. नोराच्या घरात माणूस एकच, आणि न्हाणीघर वर. तरी तिने हॉस्पिटलच्या परवानगीने एक शनिवार-रविवार आईला घरी आणून बघितलं. सोमवारी हॉस्पिटलात परत जाताना मिसेस ब्रेनन ठीक होत्या आणि नोरा जमिनीवर सरळ आडवी पडून छताकडे बघत होती. नोराचा भाऊ डेक्लन ऑस्ट्रेलियात पर्थला असतो. तो दर रविवारी फोन करून 'तुला योग्य वाटेल ते कर' असं सांगतो आणि फोन ठेवतो. (प्रत्येक बहिणीला असा एक भाऊ असतोच म्हणे. तू सोडून.) नोराला गाडी येत नाही. चांगली नर्सिंग होम सगळी लांब लांब. ती आमच्या स्वयंपाकघरात बसून रडली, मी तिला चहा दिला, आणि बोलता बोलता बोलून गेले की मी नेते ना गाडीतून.

दादा, माझ्या गाडीच्या मागे आणि पुढे लाल रंगाचा 'एल' आहे. टेस्टमध्ये मी दोनदा नापास झाले आहे. इथला कायदा फार मायाळू आहे: पहिल्या शिकाऊ लायसन्सवर शेजारी जाणता ड्रायव्हर बसवावा लागतो, दुसऱ्या शिकाऊ लायसन्सवर तो लागत नाही. म्हणजे पुरेशी वर्षं न शिकता काढली की सरकारच कंटाळून तुम्हांला एकटं सोडतं. तर अशी मी, शेजारी आई, मागे तन्वी आणि नोरा, अशी आमची वरात दर शनिवारी आणि अधूनमधून संध्याकाळी निघायची. नोरा प्रत्येक चौकात कपाळाला, छातीला आणि दोन्ही खांद्यांना हात लावून क्रूस करायची. आई म्हणाली, बाई फार धार्मिक आहे. मी गिअर शोधत होते.

आईला न्यायचं काहीच कारण नव्हतं. तिला एकटी घरी ठेवून जायला नको, एवढाच विचार. पण तू विसरला असशील, मी विसरले होते, की आपली आई भंडारा जिल्हा परिषदेत एकवीस वर्षं शिक्षण विस्तार अधिकारी होती. आपण लहान असताना ती एसटीने न कळवता शाळांवर जायची आणि मुख्याध्यापकांच्या खोलीत हार-नारळ तयार असला तरी आधी पाण्याची टाकी आणि मग संडास बघायची. या बाईला निवृत्त होऊन दहा वर्षं झाली आहेत, पण तिच्या आतलं ऑफिस कोणी बंद केलेलं नाही. तिने तन्वीची एक न वापरलेली वही मागून घेतली, आखली, आणि वर लिहिलं: भेट क्रमांक एक.

पहिल्या घरात शिरताच मोठी काचेची टाकी आणि त्यात रंगीत मासे. (म्हणून ते माशांचं घर. घरांची खरी नावं मी मुद्दाम लिहीत नाही; सगळीच कुठल्या ना कुठल्या संताची आहेत आणि संतांना त्रास नको.) तिथल्या मॅनेजर बाई लगबगीने बाहेर आल्या, नोराला ओलांडून, मला ओलांडून थेट आईपाशी गेल्या, तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं ओरडून विचारलं, 'मग, आज आपण कसे आहोत?' आई साडी, पांढरे स्पोर्ट्स शूज आणि शैलेंद्रचा कारखान्यातला केशरी रेनकोट अशा वेशात होती. आईचं इंग्रजी चांगलं आहे, पण तिचं इंग्रजी आणि डब्लिनचं इंग्रजी यांची अजून ओळख झालेली नाही. अडीच महिन्यांत तिने इथला 'छान चाललंय' या अर्थाचा एकच शब्द उचललाय आणि तो सगळीकडे चालतो. ती म्हणाली, 'ग्रँड!'

झालं. बाईंनी आईला हाताला धरून तिची खोली दाखवली, तिचा पलंग दाखवला, तिची खुर्ची दाखवली, बुधवारी बिंगो असतो म्हणून सांगितलं. मी भाषांतर करत होते आणि 'अहो, या नाहीत' असं म्हणायला तोंड उघडत होते, पण दर वेळी आईचा पुढचा प्रश्न यायचा. रात्री किती माणसं कामावर असतात? गरम पाणी किती वाजेपर्यंत? भाजी ताजी की डब्यातली? शेवटी बाईंनी फॉर्म काढून आईच्या डॉक्टरांचं नाव विचारलं तेव्हा नोरा लाल होऊन म्हणाली की राहायला यायचंय ते माझ्या आईला. बाईंचा आवाज एकदम चार पट्ट्या खाली आला आणि टाकीतले मासेसुद्धा आमच्याकडे बघायला लागले.

मी गाडीत आईची क्षमा मागितली. तिला वाईट वाटलं असेल असं मला वाटलं. पण ती तर हरखून गेली होती!

'अगं, एकवीस वर्षं मी अधिकारी म्हणून गेली. मी आली की सगळे उभे राहायचे, खरं काही दिसायचंच नाही. मला एकदा तरी विद्यार्थी होऊन वर्गात बसायचं होतं. आता पुढच्या घरी तुम्ही कोणी बोलू नका, बाप्पा.'

'पण आई, हे खोटं नाही का?'

'मी कुठं खोटं बोलून राहिली? मी म्हातारी आहे. ते त्यांना दिसून राहिलं. बाकी त्यांचं ते ठरवतात.'

नोराला हे समजावलं तेव्हा तिने आधी क्रूस केला आणि मग ती जी हसायला लागली, ती थांबेना. ऑपरेशननंतर ती पहिल्यांदा हसली, असं तन्वी म्हणाली. (तन्वी अर्थातच इंग्रजीत म्हणाली. मराठी सगळं कळतं, पण उत्तर येतं ते पक्क्या नॉर्थसाइडच्या, म्हणजे उत्तर डब्लिनच्या, हेलात. आई तिला 'आमची आयरिश शाखा' म्हणते.)

दुसऱ्या घरापासून आईने पद्धत बसवली. ती उमेदवार म्हणून जायची आणि सांगायची की मला बैठकीच्या खोलीत अर्धा तास बसू द्या, मानवतंय का बघते. याला नाही कोण म्हणणार! तिथे ती हात मांडीवर ठेवून, गरीब चेहरा करून बसायची, आणि रेनकोटाच्या खिशात घड्याळ. दुसऱ्या घरात टीव्ही ढणढणत होता आणि बघणारं कोणी नव्हतं. आईने उठून तो बंद केला तर सात म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या घरात गालिचा असा होता की पाय घोट्यापर्यंत बुडावा, पण एका आजोबांनी घंटा दाबल्यापासून माणूस यायला अकरा मिनिटं लागली आणि रात्रीचं जेवण दुपारी साडेचारला. चौथं घर समुद्राकाठी. काय सांगू दादा, काचेची अख्खी भिंत, समोर पाणी, बोटी, सगळ्या खुर्च्या समुद्राकडे तोंड करून. नोरा तिथे उभी राहून पुन्हा रडली, पण या वेळी समाधानाने. आईने वहीत लिहिलं: 'देखावा उत्तम. एकोणीस जण. सतरा झोपलेले.' पाचवं घर हमरस्त्यावर, एका बाजूला पेट्रोलपंप, दुसऱ्या बाजूला तळलेल्या माशाचं आणि चिप्सचं दुकान. गालिचा झिजलेला. नोरा दारातूनच परत फिरायला निघाली होती. आई मात्र आत जाऊन बसली ती तासाभराने उठली. घंटेला चाळीस सेकंद. स्वयंपाकीण हाताचं पीठ पुसत बाहेर आली आणि आईला काय आवडतं ते विचारून गेली. दोन आजीबाई पत्त्यांवरून भांडत होत्या आणि त्यांनी आईला पंच म्हणून बसवलं. (खेळ आईला येत नव्हता. निकाल तिने दिला.) आईने वहीत त्याला सगळ्यांत जास्त गुण दिले. नोराने मान हलवली आणि म्हणाली, मम्मीला मी पेट्रोलपंपाशेजारी ठेवू?

इकडे ऑफिसात माझी काय गत होती ते ऐक. मी दिवसा जिन्यात उभी राहून नर्सिंग होमना फोन करत होते. जिन्यात जायला इतक्या वेळा उठत होते की पलीकडच्या टेबलावरच्या मुलीने मला हळूच विचारलं, नवीन नोकरी शोधते आहेस का. आणि मग तो ईमेल. पर्थच्या भावाला सगळं कळवावं म्हणून मी तिसऱ्या घराबद्दलचा आईचा शेरा इंग्रजीत करून लिहिला: 'घंटा वाजवली तर अकरा मिनिटांनी माणूस येतो. साडेचारनंतर कोणी कोणाकडे लक्ष देत नाही. बहुतेक सगळे खुर्चीत झोपलेले. खिडक्या उघडत नाहीत. माझ्या आईला इथे एक दिवसही ठेवणार नाही.' आणि नावाच्या जागी 'डेक्लन' लिहून पाठवून दिला. दादा, माझ्या बॉसचं नावही डेक्लनच आहे. कॉम्प्युटरने आपल्या मनाने जवळचा डेक्लन निवडला! वीस मिनिटांनी उत्तर आलं: 'उल्का, इतकं प्रामाणिकपणे कोणी तरी लिहिलं याबद्दल आभारी आहे. टेस्टिंग विभागाबद्दल मलाही असंच वाटत होतं. खिडक्यांचं बघतो.' मंगळवारी दोन माणसं शिडी घेऊन आली आणि आमच्या मजल्यावरच्या चार खिडक्या उघडायला लागल्या. 'माझ्या आईला इथे ठेवणार नाही' याचा अर्थ मात्र त्याला अजून उमगलेला नाही. तो मला जपून वागवतो आहे.

मग आला निर्णयाचा आठवडा. डॉक्टर म्हणाले की आता मिसेस ब्रेनन हॉस्पिटलातून निघायला तयार आहेत. नोराने समुद्राचं घर पक्कं केलं. पर्थहून होकार आला (तुला योग्य वाटेल ते), चर्चचे फादर म्हणाले वा, शेजारीपाजारी म्हणाले वा, मीही म्हणाले वा. बुधवारी संध्याकाळी नोरा फॉर्म घेऊन आमच्याकडे आली, आणि आईने वही मिटून मला विचारलं, 'हिच्या आईला विचारलं का?'

मी नोराला विचारलं. नोरा म्हणाली, विचारलं ना, चार वेळा विचारलं, मम्मी म्हणते तुम्हांला सोयीचं असेल ते.

'हे उत्तर नाही,' आई म्हणाली. 'हे उत्तर टाळणं आहे. उद्या मला हॉस्पिटलात ने.'

गुरुवारी मी ऑफिसातून दुपारीच निघाले. (बॉसने मान कलती करून 'जा, जा, आईजवळ बस' म्हटलं.) मिसेस ब्रेनन उशीला टेकून बसल्या होत्या, एवढ्याशा, पांढऱ्याशुभ्र, हाताची बोटं मात्र सुताराची. आईने खुर्ची ओढली आणि ती इतकी जवळ बसली की दोघींचे गुडघे, एकीचा पांघरुणाखालचा, जवळजवळ लागले. मी मध्ये दुभाषी. आईने एकच प्रश्न विचारला. जागा आवडली का, काय हवं-नको, असलं काही नाही. तिने विचारलं, 'भीती वाटते का?'

मी हे इंग्रजीत कसं विचारू म्हणून अडखळले. आई म्हणाली, विचार जसंच्या तसं. मी विचारलं.

मिसेस ब्रेनननी पांघरुणाची कड सरळ केली. मग मला म्हणाल्या, 'तिला सांग, वाटते. थोडी.'

'कशाची?'

'संध्याकाळी सहाला झोपवतील त्याची.' आणि मग धरण फुटावं तसं सगळं आलं. मिसेस ब्रेनन पश्चिमेकडच्या, मेयोच्या किनाऱ्यावरच्या. लहानपणी थंडीत ओल्या शेवाळाच्या टोपल्या पाठीवरून वाहायच्या. वडील खत म्हणून शेतात घालायचे. एकोणिसाव्या वर्षी त्या डब्लिनला पळून आल्या त्या समुद्र दिसू नये म्हणून! मग चौतीस वर्षं एका बसथांब्यासमोर पेपरचं आणि सिगारेटींचं दुकान चालवलं. माणसं येतात, उतरतात, भांडतात, कोणाची छत्री उडते, हे बघायला त्यांना आवडतं. समुद्र त्यांना अजिबात बघायचा नाही. मग नोराला का नाही सांगितलं? तर म्हणे, ती त्या काचेच्या भिंतीबद्दल सांगताना इतकी खूश दिसत होती. दीड महिन्याने तिचा चेहरा उजळलेला पाहिला. तो मी कशाला विझवू?

दादा, मी भाषांतर करता करता चष्मा पुसायला लागले. दारात नोरा उभी होती. ती कधी आली ते आम्हांला कळलंच नाही. तिने पिशवीतून तो फॉर्म काढला, आईच्या पलंगावर ठेवला आणि म्हणाली, 'मम्मी, पेट्रोलपंपाशेजारी राहशील?' मिसेस ब्रेनन म्हणाल्या, 'तिथे बस थांबते का?' नोरा म्हणाली, चार नंबरची गाडी दर बारा मिनिटांनी थांबते, मी तिनेच येणार. 'मग आधी का नाही सांगितलंस!' असं मिसेस ब्रेनन नोरावरच ओरडल्या, आणि नोरा त्यांच्या गळ्यात पडून इतकी हसली आणि रडली की नर्स धावत आली. (तीस सेकंद. आईने घड्याळ बघितलं, मी पाहिलं.)

आणि काल आम्ही त्यांना नेलं! सामान माझ्या गाडीतून, मिसेस ब्रेनन हॉस्पिटलच्या गाडीतून, कारण 'एल' बघून त्यांनी माझ्या गाडीत बसायला स्वच्छ नकार दिला. खिडकीजवळची खुर्ची मिळाली. त्यांनी पहिल्या दहा मिनिटांत सांगितलं की बसचा ड्रायव्हर थांब्यापासून फार लांब उभी करतो आणि कोणी तरी त्याची तक्रार करायला हवी. पत्तेवाल्या दोन्ही आजीबाईंनी आईला ओळखलं. स्वयंपाकिणीनेही ओळखलं आणि विचारलं की तुम्ही राहायला का नाही आलात, तुमच्यासाठी मी वाट बघत होते. आता हे मी कसं निस्तरलं ते विचारू नकोस. नोरा संध्याकाळी सातला परत आली. घरात शिरून पहिल्यांदा तिने न्हाणीघराचा दिवा मालवला. आई पडल्यापासून दीड महिना तो चोवीस तास चालू होता. मग आमच्याकडे येऊन वरण-भात जेवली, तिखट लोणचं मागून घेतलं, डोळ्यांतून पाणी काढलं आणि म्हणाली, सोमवारपासून तन्वीला मी आणते. म्हणजे बघ, सगळं जागेवर आलं! मी काल रात्री आठला झोपले ते थेट सकाळी नऊला उठले. इतकं हलकं मला इथे आल्यापासून वाटलं नव्हतं.

तर सगळं क्षेम आहे, काळजीचं कारण नाही. वहिनीला नमस्कार, आणि तिच्या खांद्याला माझ्याकडून शेक.

तुझी,
उल्का

ता. क. माझी तिसरी ड्रायव्हिंग टेस्ट सहा ऑक्टोबरला आहे. आईला आम्ही त्याआधी टॅक्सीने विमानतळावर पोचवू, तेव्हा तू निश्चिंत अस.

ता. क. २. दादा, वर मी हॉस्पिटलातलं एक बोलणं गाळलं. वहिनी वाचत असेल तर तिला जवळ बसव आणि दोघं मिळून वाचा. नोरा येण्याआधी मिसेस ब्रेनननी आईचा हात धरून उलट विचारलं होतं, 'आणि बाई, तू स्वतः कुठे जाणार?' मी हसत हसत भाषांतर केलं. मला वाटलं आई म्हणेल, मुलाकडे, पुण्याला. ती शांतपणे मराठीत बोलली आणि मी एकेक वाक्य इंग्रजीत करत गेले, आणि तिसऱ्या वाक्याला माझ्या लक्षात आलं की ही बातमी मीच पहिल्यांदा ऐकते आहे. नागपूरजवळ, वर्धा रोडला ज्येष्ठांची एक वसाहत आहे. तिच्या ऑफिसातल्या माधवीमावशी गेल्या डिसेंबरपासून तिथे राहतात. आई इकडे यायच्या आधी तीन वेळा तिथे जाऊन आली आहे, एकदा जेवणाच्या वेळेला. माधवीमावशींशेजारची खोली येत्या जानेवारीपासून तिच्या नावाने ठेवली आहे. तू पुण्याला तिच्यासाठी खोली करून घेतलीस, बाथरूममध्ये धरायला दांडा लावलास, पडदे तिच्या आवडीचे घेतलेस, हे सगळं तिला माहीत आहे. म्हणूनच ती अडीच महिने माझ्याकडे राहून तुला कसं सांगायचं याचा विचार करत होती.

घरी येताना गाडी मी बाजूला थांबवली आणि तिच्याशी भांडले. आम्ही कुठे कमी पडलो, विचारलं. ती म्हणाली, 'तुम्ही दोघं कुठंच कमी पडले नाही. तुमच्याकडे पाहुणी म्हणून यायला मला फार आवडतं. पण पाहुण्याला परत जायला आपलं घर पाहिजे ना. आणि माधवीसोबत मला रोज भांडता येते. सुनेसोबत भांडली तर चटका आशुतोषला बसेल.' मी गाडी पुन्हा सुरू केली. तुझ्याकडे यावर उत्तर असेल तर मला कळव, पण आधी दोन दिवस थांब. मला तीन लागले.

ता. क. ३. सोबत त्या वसाहतीचा फॉर्म आहे. (म्हणून पत्र.) 'जवळच्या नातेवाइकांची संमती' असे दोन रकाने आहेत. पहिल्यात मी सही केली आहे. ती जरा वाकडी आहे, तिच्याकडे लक्ष देऊ नकोस. दुसरा रकाना तुझा. आई म्हणते तुझी सही नसली तरी ते चालवून घेतील, तिने विचारून ठेवलंय. पण तिला चालणार नाही.